नाव लपवून लिहिलेला मजकूर आणि बदनामीचा दावा : कायदा कुठे पाठीशी उभा राहतो?

रिसोडसारख्या तालुक्याच्या गावात खरं लिहायला अडचण येते ती पुराव्यापेक्षा ओळखीची. ज्या व्यापाऱ्याच्या काट्याबद्दल तक्रार, त्याच्याकडेच पुढच्या आठवड्यात सोयाबीन न्यायचं असतं. ज्या कृषी केंद्राच्या बियाण्याबद्दल बोलायचं, तिथेच पेरणीची उधारी बाकी असते. संस्थेच्या कारभाराविरुद्ध लिहिणाऱ्याचं पोर त्याच संस्थेच्या शाळेत शिकत असतं. म्हणून माणूस टोपणनावाचं खातं उघडतो आणि लिहितो.

एक उदाहरण कल्पून पाहू. हंगामात एक शेतकरी माल घालतो. पोत्यामागे कडता म्हणून काही किलो कापले जातात, ओलाव्याच्या नावाखाली भाव आणखी उतरवला जातो. तो हिसाबपट्टीचा फोटो काढतो, स्वतःचं नाव झाकतो, व्यापाऱ्याचं नाव तसंच ठेवतो आणि ‘वऱ्हाडी काटा’ या टोपणनावाने फेसबुकवर टाकतो. दोन दिवसांत मजकूर तालुकाभर फिरतो. व्यापारी वकिलाकडे जातो आणि म्हणतो, ‘हे लिहिणारा कोण ते मला कळलं पाहिजे, मी दावा लावणार.’ त्याला ते नाव मिळेल का, कुठून मिळेल, आणि मिळण्याआधी लिहिणाऱ्याचं म्हणणं कुणी ऐकून घेईल का? शहरातल्या मोठ्या माणसांच्या खटल्यांतून या प्रश्नांची थोडीफार उत्तरं तयार झाली आहेत. ती गावापर्यंत पोचलेली नाहीत.

निनावी लिहिणं हा गुन्हा आहे का?

नाही. समाजमाध्यमावर खऱ्या नावानेच लिहावं असं सांगणारा कायदा भारतात नाही. उलट २५ फेब्रुवारी २०२१ रोजी आलेल्या माहिती-तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या समाजमाध्यम कंपन्यांना सांगितलं की, ज्याला आपलं खातं पडताळून घ्यायचं असेल त्याला तशी सोय द्या. म्हणजे पडताळणी ऐच्छिक आहे, आणि जो ती करत नाही त्याने काही चुकीचं केलेलं नाही.

राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ)मध्ये भाषणस्वातंत्र्य आहे आणि १९(२)मध्ये त्यावरच्या वाजवी बंधनांच्या यादीत अब्रुनुकसानीचा उल्लेख आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. निनावीपणाचा वेगळा हक्क मात्र कुठल्याही कलमात लिहिलेला नाही. लिहिणाऱ्याला जे काही संरक्षण मिळतं, ते बहुतांशी प्रक्रियेतून मिळतं: नाव कुणी मागायचं, कुणाकडे मागायचं आणि कोणत्या गुन्ह्यासाठी मागायचं, याच्या अटींमधून.

टोपणनाव घेणं वेगळं आणि दुसऱ्या जिवंत माणसाचं नाव-फोटो वापरून खातं काढणं वेगळं. दुसरा प्रकार माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क आणि ६६-ड खाली जातो आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नाव लपवून धमकी देणाऱ्यालाही कायदा सोडत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१(४)नुसार धमकीच्या मूळ शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते. निवडणुकीच्या पत्रकांचा नियम तर फार जुना आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ प्रमाणे प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं नसतील तर तो गुन्हा ठरतो. लोकसभा-विधानसभेच्या धामधुमीत रात्रीतून दारात पडणारी बिननावाची पत्रकं याच कलमात बसतात.

लोकहितवादी आणि डोंगरीचा तुरुंग

टोपणनाव ही मराठी लेखनाला परकी गोष्ट नाही. १८४८पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात जी ‘शतपत्रे’ छापून येऊ लागली, ती ‘लोकहितवादी’ या नावाने. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी चाकरीत होते आणि लिहीत होते ते आपल्याच समाजाच्या रूढींवर, आळसावर, अज्ञानावर. आज टोपणनाव म्हटलं की लोकांना आधी कारस्थान आठवतं. महाराष्ट्राच्या सुधारणेच्या पहिल्या मोठ्या लेखनावर लेखकाचं खरं नाव नव्हतं, हे त्यांनी ध्यानात घ्यावं.

दुसरी आठवणही तितकीच कामाची आहे. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांत जो मजकूर आला, त्याच्या मागे काही पत्रांचा आधार होता. ती पत्रं बनावट निघाली. खटला अब्रुनुकसानीचा होता. १८८२मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. आगरकरांनी पुढे त्यावर पुस्तकही लिहिलं. हेतू शुद्ध होता, कोल्हापूरच्या तरुण महाराजांबद्दल कळकळ होती, तरी हातातला कागद खरा नव्हता म्हणून तुरुंग भोगावा लागला. निनावी असो वा नावानिशी, बदनामीच्या खटल्यात शेवटी विचारलं जातं ते हेच: तुमच्या हातात काय आहे?

बदनामी कशाला म्हणतात?

१ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ आणि ५०० यांची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ने घेतली. व्याख्या जवळपास तीच आहे. एखाद्याच्या लौकिकाला बाधा आणण्याच्या हेतूने, किंवा ती येईल हे माहीत असताना, त्याच्याबद्दल काही बोलणं, लिहिणं, चिन्हाने सुचवणं म्हणजे अब्रुनुकसानी. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही. नव्या संहितेने त्यात समाजसेवेचा पर्याय घातला आहे. हा गुन्हाच रद्द करावा म्हणून सुब्रमण्यम स्वामी आणि इतर सर्वोच्च न्यायालयात गेले होते. १३ मे २०१६ रोजी न्यायालयाने कलम कायम ठेवलं.

कलमाला दहा अपवाद आहेत आणि सामान्य माणसाचं खरं संरक्षण तिथेच आहे. पहिला अपवाद सत्याचा: गोष्ट खरी असली पाहिजे आणि ती सांगणं लोकहिताचं असलं पाहिजे. फौजदारी खटल्यात या दोन्ही अटी लागतात, दिवाणी दाव्यात सत्य सिद्ध झालं की तेवढ्यावर भागतं. दुसरा आणि तिसरा अपवाद लोकसेवकाच्या कामाबद्दल आणि सार्वजनिक प्रश्नावरच्या वागणुकीबद्दल सद्भावनेने व्यक्त केलेल्या मताचा. आठवा, ज्याला अधिकार आहे अशा अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीचा. नववा, आपल्या किंवा दुसऱ्याच्या हिताच्या रक्षणासाठी सद्भावनेने केलेल्या विधानाचा. आपल्या उदाहरणातला शेतकरी पहिल्या आणि नवव्या अपवादात उभा राहू शकतो. मात्र त्याने ‘या पावतीत इतका कडता कापला’ एवढंच लिहिलेलं असावं. त्याच दमात ‘हा माणूस चोर आहे, याचं सगळं घराणंच तसं’ असं लिहिलं असेल तर पावती पुढच्या वाक्याला वाचवणार नाही.

एक गोष्ट नगरसेवकांपासून पत्रकारांपर्यंत अनेकांना ठाऊक नसते. १९९४च्या राजगोपाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की सरकार, स्थानिक स्वराज्य संस्था आणि शासकीय सत्ता वापरणाऱ्या संस्था बदनामीपोटी नुकसानभरपाईचा दावा लावू शकत नाहीत. नगर परिषदेच्या पाण्याबद्दल, रस्त्याबद्दल, कचऱ्याबद्दल कुणी कितीही कडक लिहिलं तरी नगर परिषद म्हणून भरपाई मागता येत नाही. पदाधिकाऱ्यालाही आपल्या पदाच्या कामाबद्दलच्या मजकुरावर भरपाई हवी असेल, तर तो मजकूर खोटा होता आणि लिहिणाऱ्याने खऱ्याखोट्याची पर्वाच केली नाही, हे त्याने दाखवावं लागतं.

पोलीस ठाण्यात गेलं तर

अब्रुनुकसानी हा अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा आहे. याचा अर्थ पोलीस परस्पर एफआयआर नोंदवून तपास सुरू करू शकत नाहीत. त्यांना न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. तक्रारही ज्याची अब्रू गेली असं म्हणणं आहे त्यानेच न्यायालयात करायची असते. त्याच्या समर्थकांनी ठाण्यासमोर गर्दी केली म्हणून गुन्हा उभा राहत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ने एक चांगली भर घातली आहे: खाजगी तक्रारीची दखल घेण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्याने आरोपीला आपलं म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे. आरोपी दुसऱ्या तालुक्यात-जिल्ह्यात, त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर राहत असेल तर कलम २२५ प्रमाणे समन्स काढण्याआधी चौकशी करावी लागते.

व्यवहारात हे कुंपण ओलांडलं जातं, आणि ते कसं हे लोकांना कळलं पाहिजे. तक्रारीत बदनामीच्या जोडीला ‘समाजात तेढ’, ‘धार्मिक भावना दुखावणे’ अशी दखलपात्र कलमं जोडली की पोलिसांना तपासाचा अधिकार मिळतो. तो मिळाला की त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली कंपनीकडे माहिती मागता येते. २०२१च्या नियमांनुसार अधिकृत सरकारी यंत्रणेने लेखी मागणी केल्यावर कंपनीने ७२ तासांच्या आत माहिती द्यायची असते. यात नोंदणीचा मोबाइल नंबर, ईमेल, आयपी पत्ता येतो. सिमकार्ड कागदपत्रं देऊनच घेतलेलं असतं, त्यामुळे नंबरापासून घराच्या दारापर्यंतचं अंतर फार उरत नाही. खातं बंद केलं तरी नोंदणीची माहिती कंपनीने १८० दिवस जपायची असा नियम आहे. ‘मजकूर काढला, खातं उडवलं, आता कोण शोधणार’ अशा भ्रमात कुणी राहू नये.

दिवाणी दावा आणि ‘अशोक कुमार’

नाव काढण्याचा दुसरा रस्ता दिवाणी न्यायालयातून जातो. प्रतिवादी अज्ञात असला तरी दावा लावता येतो. आपल्या न्यायालयांत अशा अज्ञात प्रतिवादीला ‘अशोक कुमार’ म्हणायची पद्धत पडली आहे. दावा अशोक कुमारविरुद्ध आणि सोबत समाजमाध्यम कंपनीविरुद्ध लागतो, आणि पहिलीच मागणी असते की कंपनीने खातेदाराची मूळ माहिती द्यावी. याची मुळं इंग्लंडच्या १९७३च्या नॉर्विच फार्माकल निकालात आहेत. तिथे ठरलं की, स्वतः दोषी नसलेला पण ज्याच्या माध्यमातून गैरकृत्य घडलं अशा त्रयस्थाने गैरकृत्य करणाऱ्याचं नाव सांगितलं पाहिजे. बदनामीच्या दाव्याला मुदत एक वर्षाची असल्यामुळे वादी घाईत असतो, आणि घाईत असलेल्या वादीपुढे प्रतिवादीची खुर्ची रिकामी असते. दुसरी बाजू मांडायला तिथे कुणीच नसतं, हे या प्रक्रियेचं मोठं दुखणं आहे.

मुंबई उच्च न्यायालयात हा प्रश्न २००८मध्येच आला होता. ‘टॉक्सिक रायटर’ या टोपणनावाने लिहिणाऱ्याच्या मजकुराविरुद्ध ग्रेमाक नावाची कंपनी न्यायालयात गेली आणि न्यायालयाने गूगलला त्या लेखकाची ओळख द्यायला सांगितलं. महाराष्ट्रात निनावी लेखकाचा पडदा न्यायालयाच्या आदेशाने बाजूला झाल्याचं हे सुरुवातीचं उदाहरण.

यापेक्षा अधिक शिकवणारं प्रकरण दिल्लीचं आहे. कलाक्षेत्रातल्या लैंगिक गैरवर्तनाच्या तक्रारी निनावीपणे मांडणारं ‘हर्डसीनअँड’ नावाचं इन्स्टाग्राम खातं होतं. २०१८च्या अखेरीस त्यावर नामवंत कलावंत सुबोध गुप्ता यांच्याविरुद्ध आरोप आले. गुप्ता यांनी ते नाकारले आणि २०१९मध्ये ५ कोटी रुपयांचा दावा लावला. सप्टेंबर २०१९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मजकूर काढायला सांगितलं आणि खातं चालवणाऱ्याची माहिती बंद लिफाफ्यात मागवली. मग खातं चालवणारी बाजू वकिलांमार्फत हजर झाली आणि म्हणाली, आम्ही बाजू मांडू, पण नाव उघड करायला लावू नका. नाव उघड झालं तर ज्यांनी विश्वासाने सांगितलं त्या बायकाही उघड्या पडतील. फेब्रुवारी २०२०मध्ये प्रकरण तडजोडीने मिटलं, खात्याने खेद व्यक्त केला, मजकूर गेला. नाव मात्र जाहीर झालं नाही.

इथे दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. न्यायालयाने मजकूर आधी काढायला लावला आणि मग ऐकून घेतलं, हे मला पटत नाही. पण नाव उघड न करता वकिलामार्फत लढता येतं, बंद लिफाफा हा मधला मार्ग असू शकतो, हे याच प्रकरणाने दाखवून दिलं. निनावी प्रतिवादीच्या वकिलाने पहिल्याच तारखेला हीच मागणी करायला हवी.

मजकूर घाईने काढायला लावण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २२ मार्च २०२४ रोजी ब्लूमबर्ग विरुद्ध झी या प्रकरणात खालच्या न्यायालयांना बजावलं. सुनावणीआधीच लेखन थांबवण्याचा आदेश अपवादानेच द्यावा, आणि पैशाच्या जोरावर टीकाकाराला दमवण्यासाठी लावलेले दावे ओळखावेत, असा त्याचा आशय होता. हा निकाल पत्रकारितेच्या संदर्भातला आहे. तालुका न्यायालयातही तो दाखवता येतो.

व्हॉट्सॲपचा हिशेब वेगळा

गावात सगळं फिरतं ते व्हॉट्सॲपवर, म्हणून हे नीट समजून घ्यावं. २०२१च्या नियमांत ‘हा संदेश सर्वांत आधी कुणी पाठवला’ ते शोधून द्यायची तरतूद आहे. ती कंपन्यांना मान्य नाही आणि त्याविरुद्ध व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. ती तरतूद जशी आहे तशीच वाचली तरी ती सरसकट वापरायची नाही. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बलात्कार, लैंगिक मजकूर, बालकांचं लैंगिक शोषण अशा बाबतींत आणि किमान पाच वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांतच ती लागू होते. बदनामीची शिक्षा दोन वर्षांपर्यंतच आहे. म्हणजे नुसत्या बदनामीसाठी ‘पहिला पाठवणारा कोण’ हे व्हॉट्सॲपकडून काढता येत नाही. ही ओळ प्रत्येक वकिलाने पाठ करावी अशी आहे.

अर्थात गटात नंबर दिसतोच, आणि कुणीतरी स्क्रीनशॉट घेतोच. तो पुरावा म्हणून द्यायचा तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं. हा नियम पक्का झाला तो जालन्याच्या निवडणूक वादातून, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात, १४ जुलै २०२०च्या निकालाने. जुन्या पुरावा कायद्यातलं कलम ६५-ब आता भारतीय साक्ष अधिनियमात कलम ६३ झालं आहे.

गटाच्या ॲडमिनची भीती मात्र बरीच कमी झाली आहे. आपल्या वाशिम जिल्ह्यावर ज्याचा अधिकार चालतो त्या नागपूर खंडपीठानेच मार्च २०२१मध्ये, गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात, स्पष्ट केलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. दोघांचा समान उद्देश, पूर्वयोजना असं काही दाखवावं लागतं. हा निकाल २००९साली असता तर बरं झालं असतं. त्या वर्षी केरळच्या एका विद्यार्थ्याला सर्वोच्च न्यायालयाने दिलासा नाकारला होता. त्याने ऑर्कुटवर शिवसेनेविरुद्ध गट काढला होता, तिथे इतरांनीही मजकूर टाकला होता आणि गुन्हा ठाणे शहरात नोंदला होता.

फॉरवर्ड करणाऱ्याला मात्र ही सवलत नाही. ‘मी फक्त पुढे पाठवलं’ हा बचाव दुबळा आहे. बदनामीकारक मजकूर पुन्हा प्रसारित करणं ही बदनामीच, असं दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४मध्ये अरविंद केजरीवाल यांच्या रीट्वीटच्या प्रकरणात म्हटलं.

पालघरने दिलेलं कवच

१८ नोव्हेंबर २०१२ला, बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्यसंस्काराच्या दिवशीच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, मैत्रिणीने लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. त्यातून माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ विरुद्ध श्रेया सिंघल या विद्यार्थिनीची याचिका उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरलं. निकालाचा दुसरा भाग कमी चर्चिला जातो, पण निनावी लिहिणाऱ्यासाठी तोच मोलाचा आहे. कुणी खाजगी माणसाने नुसती तक्रार केली म्हणून कंपनीला मजकूर काढायची सक्ती नाही. न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना आली तरच ती बांधील आहे. नाहीतर ज्याच्याविरुद्ध लिहिलं त्याने एक ईमेल टाकायचा आणि मजकूर गायब, असं रोज घडलं असतं.

त्यानंतरही अनेक वर्षं पोलीस ६६-अ लावत राहिले. ऑक्टोबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की या कलमाखाली कुणावर खटला चालवू नका. कुणाच्या नोटिशीत आजही ते कलम दिसलं तर तिथेच बोट ठेवावं.

चुकीच्या दारावर थाप

नाव काढण्याची घाई किती महाग पडते, ते पुण्याच्या एका प्रकरणात दिसलं. २००७मध्ये ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल कुणीतरी गलिच्छ मजकूर टाकला. पुणे पोलिसांनी आयपी पत्त्यावरून माग काढला, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने एका ग्राहकाचं नाव दिलं आणि बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला पोलीस घेऊन आले. त्याने परोपरीने सांगितलं की हे मी केलेलं नाही. तो ५० दिवस कोठडीत आणि तुरुंगात राहिला. नंतर कळलं की दिलेली माहितीच चुकीची होती. पत्ता त्याचा नव्हताच.

आयपी पत्ता म्हणजे घराचा पत्ता नाही. मोबाइल कंपन्या एकच पत्ता एका वेळी शेकडो ग्राहकांना वाटून देतात. नेमकी तारीख, सेकंदापर्यंतची वेळ, ती वेळ भारतीय की दुसऱ्या प्रदेशाची, आणि पोर्ट क्रमांक, एवढं सगळं जुळलं तरच माणूस कळतो. त्यातही एक वायफाय चारजण वापरत असले तर प्रश्न उरतोच. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानातलं वायफाय किती पोरं वापरतात हे आपण पाहतोच.

बाहेर काय करतात?

अमेरिकेत २००१च्या डेंड्राइट निकालात न्यू जर्सीच्या न्यायालयाने पायऱ्या घालून दिल्या. वादीने आधी निनावी लेखकापर्यंत खबर पोचवायची. नेमकी कोणती वाक्यं बदनामीकारक ते शब्दशः मांडायचं. प्रथमदर्शनी केस आणि तिला पुरावा दाखवायचा. मग न्यायालय लेखकाचा हक्क आणि वादीची गरज तोलून बघणार आणि त्यानंतरच नाव.

२००५च्या डो विरुद्ध केहिल प्रकरणात डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने यातल्या खबर आणि पुरावा या पायऱ्या उचलल्या, आणि त्याची गोष्ट आपल्याला जवळची वाटावी अशी आहे. स्मर्ना नावाचं लहान गाव. तिथल्या नगर परिषदेच्या एका सदस्यावर टोपणनावाने कुणीतरी टीका केली. सदस्याने इंटरनेट कंपनीकडून नाव मागितलं. न्यायालयाने नकार दिला. पुरावा आणून दाखवल्याशिवाय फक्त दुखावल्याच्या भावनेवर नाव मिळणार नाही, असं बजावलं. त्याचं कारणही सांगितलं: असे दावे पुष्कळदा जिंकण्यासाठी लावलेलेच नसतात, नाव कळलं की दाव्याचं काम झालेलं असतं. मग बाहेर हिशेब चुकता करता येतो.

आपल्याकडे काय व्हायला हवं?

मला वाटतं, आपल्या न्यायालयांनी ही कसोटी भारतीय मातीत रुजवली पाहिजे. नाव उघड करायचा आदेश देण्याआधी त्या खात्यावर नोटीस पाठवावी. ते अवघड नाही, कंपनी खातेदाराला संदेश देऊ शकते. त्याला वकिलामार्फत, नाव बंद लिफाफ्यात ठेवून, बाजू मांडू द्यावी. वादीने नेमकी वाक्यं आणि ती खोटी असल्याचा काही पुरावा आणावा. नाव मिळालं तरी ते खटल्यापुरतंच वापरावं, गावभर करू नये.

हे मी इतक्या आग्रहाने म्हणतो त्यामागे अनुभव महाराष्ट्राचाच आहे. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी यांनी जमीन व्यवहारांतले घोटाळे स्वतःच्या नावाने, माहिती अधिकारातून बाहेर काढले. १३ जानेवारी २०१० रोजी भररस्त्यात त्यांचा खून झाला. जागल्यांना वाचवण्यासाठी संसदेने २०१४मध्ये कायदा केला, पण तो अजून लागू झालेला नाही, आणि त्यातही नाव न सांगता केलेल्या तक्रारीला जागा नाही. अशा परिस्थितीत टोपणनाव हीच अनेकांची ढाल आहे.

हीच ढाल घेऊन बायकांचे फोटो बिघडवणारे, त्यांच्यामागे हात धुऊन लागणारे, धमक्या देणारेही आहेत. त्यांच्याबाबत माझं मत उलट आणि तितकंच ठाम आहे. तिथे नाव लवकरात लवकर निघालं पाहिजे. त्यासाठी कायद्यात पाठलाग, धमकी, तोतयेगिरी, अश्लील मजकूर अशी स्वतंत्र कलमं आहेत. ती वापरावीत, बदनामीचं कलम त्यासाठी ताणायची गरज नाही.

नोटीस हातात पडली तर

वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. घाबरून लगेच मजकूर काढू नये आणि रागाने नवा टाकूही नये. ज्या पावतीवर, फोटोवर, कागदावर मजकूर आधारलेला आहे ती मूळ वस्तू जपून ठेवावी. फोनमधला मूळ फोटो तारखेसह ठेवावा, तो फॉरवर्ड होऊन आलेल्या फोटोपेक्षा किती तरी मोलाचा. आपण लिहिलेलं वाक्य पुन्हा वाचावं. तपशील खरा आणि शब्द जास्तीचे असतील, तर वकिलाला विचारून शब्द मागे घ्यावेत आणि तपशील ठेवावा. आरोप चुकीचाच निघाला तर तसं स्पष्ट लिहून माफी मागावी. पोलिसांनी बोलावलं तर लेखी नोटीस मागावी, तीवर कोणतं कलम आहे ते पाहावं, आणि फक्त बदनामीचं असेल तर न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश आहे का ते विचारावं.

आणि लिहिण्याआधी हेही करावं: काट्याची तक्रार बाजार समितीच्या सचिवाकडे किंवा तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे, मापाची वैधमापनशास्त्र खात्याकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार आठव्या अपवादात बसते, तिथे टोपणनावाची गरजच पडत नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना तिथे मोफत वकील मिळतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे, आणि त्या क्रमांकावर फोन करायला पैसे लागत नाहीत.